गळती

नऊ अर्जांतून एक घेतात. यंदा माझा घेतला.
दुर्बिणीचे अकरा तास मिळाले मला.
पंधरा लाख किलोमीटरवर उन्हाकडे पाठ करून
बसलेली असते ती, थंडगार,
आणि अकरा तास तिनं माझ्यासाठी
एका लालसर, चिडक्या ताऱ्याकडे पाहिलं.

ग्रह असा दिसत नाहीच.
दिसते ती बेरीज: तारा अधिक ग्रह.
मग ग्रह ताऱ्यामागे जातो
आणि बेरीज किंचित उणी होते,
हिशेबातून दोन पैसे गळावेत तशी.
त्या दोन पैशांवरून ओळखायचं
ग्रहाची दिवसाची बाजू किती तापली आहे ते.

त्याचा एकच गाल कायम आगीकडे.
हवा असती तर तिनं ओंजळभर ऊब उचलून
मागच्या अंधाराला नेऊन दिली असती,
पुढचा गाल थोडा निवला असता.
निवला नव्हता.
मी आकडे तीनदा लावून पाहिले.
नुसता दगड, भाजलेला, उघडा.

आमच्या गटातला आन्सेल्म म्हणाला,
'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं.
असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

शनिवारी बाबांकडे गेले, ग्रीकटाउनला.
बाल्टिमोरमध्ये बर्फ पडायचा होता, पडत नव्हता.
मसुराचं सूप, वर व्हिनेगरची धार.
'काय सापडलं, देस्पिना?'
'काही नाही.'
'अकरा तासांत?'
'अकरा तासांत.'
'मग बिघडली असेल दुर्बीण. कोण जातं दुरुस्तीला?'
'कोणी नाही जाऊ शकत तिथे.'
बाबांनी चमचा खाली ठेवला.
इतका वेळ आकाशाबद्दल जे जे बोलले मी
त्यातलं हे एकच त्यांना खरोखर भयंकर वाटलं.

मग मी सांगितलं. एक बाजू जळते आहे,
दुसरी गोठलेली, मधे काही फिरत नाही.
ते लगेच म्हणाले, 'पाणी नाही पाइपात.'
'पाणी नाही बाबा, हवा.'
'तेच ते. एक खोली भट्टी, दुसरी थडगं,
म्हणजे फिरणारं काहीतरी गळून गेलंय.
मी तर दारातूनच ओळखतो.
कुठून गळलं?'
'ताराच ओरबाडतो. लहानपणी फार भडकतात हे तारे.'
'हं,' म्हणाले. 'मालकच वाईट.'

चाळीस वर्षं परक्या तळघरांत
उपड्या हातानं रेडिएटर चाचपत फिरला हा माणूस.
तळहात नाही, उपडा हात,
कारण भाजलं तर तो आपोआप मागे येतो.
सूप निवत होतं आणि माझ्या मनात आलं,
मीही तेच केलं की.
फक्त हात जरा लांब न्यावा लागला.

'तो उजेड निघाला तिथून,' मी म्हटलं,
'तेव्हा तुम्ही कार्पाथोसहून नुकते आला होता.'
त्यांनी बोटांवर मोजलं.
'चर्चमागच्या शाळेत बॉयलर बसवत होतो तेव्हा.
अजून चालतो.'
एवढंच. पण ते 'अजून चालतो'
त्यांनी असं म्हटलं, जणू तारा
या बाबतीत बॉयलरच्या मागेच पडला.

जेवणानंतर म्हणाले, चल, कप धर.
माझी जुनी खोली गार पडली होती.
रेडिएटरच्या कोपऱ्यात त्यांनी पितळी किल्ली घातली,
पाव फेरा फिरवली.

फुस्स करून हवा सुटली.
इथे नको असलेली, अडकून बसलेली,
गंजाचा वास असलेली हवा,
किती वेळ येतच राहिली.
मी कप धरून उकिडवी बसले होते.
बाबा म्हणाले, 'अजून आहे, थांब.'
मी काही बोलले नाही, ऐकत राहिले.
मग थुंकल्यासारखे दोन काळे थेंब आले
आणि त्यांनी किल्ली आवळली.

'लिहून टाक,' जिन्यात म्हणाले,
'तपासलं. दाब धरत नाही. तारीख घाल. सही कर.
नाहीतर पुढचा माणूस
पुन्हा त्याच तळघरात उतरेल.'